विचारायचे राहून गेले

स्मरणिका समितीने गुरुजींविषयी लिहिण्याची सूचना केली, तेव्हा आम्ही आधी नकारच दिला होता. ज्यांनी आम्हांला शिक्षक केले, त्यांच्याविषयी लिहिताना हात आखडतो, हे एक कारण. दुसरे कारण या लेखाच्या शेवटी येईल. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही आणि प्रामाणिकही ठरणार नाही.

प्रारंभी एक खुलासा करणे आवश्यक आहे. जून १९९३ मध्ये या शाळेत आम्ही चार शिक्षक एकाच आठवड्यात रुजू झालो. या लेखातील 'आम्ही' म्हणजे ते चौघे. लेखणी एकाची असली तरी आठवणी चौघांच्या आहेत. लिहिण्यापूर्वी आम्ही एकत्र बसून त्या एकमेकांशी ताडून पाहिल्या आहेत. गुरुजींचे नाव मात्र लेखात नाही. आपल्या हयातीत त्यांनी शाळेच्या भिंतीवर, फरशीवर वा एखाद्या कपाटावरही स्वतःचे नाव लिहू दिले नाही. माजी विद्यार्थ्यांपुढे 'गुरुजी' एवढे म्हटले की एकच मूर्ती उभी राहते : पांढरा सदरा, खिशाला शाईचे दोन पेन आणि काखेत हजेरीपट.

आम्ही रुजू झालो त्या सकाळी गुरुजींनी आमची प्रमाणपत्रे पाहिली, मस्टरवर सह्या घेतल्या आणि आम्हांला थेट भोजनगृहात नेले. मुलांची पंगत बसली होती. गुरुजींनी वरणाच्या पातेल्यातून पळीभर वरण वाटीत घेतले, चाखले आणि वाटी आमच्यापुढे केली. म्हणाले, "सर, आजपासून पाळीपाळीने हे काम तुमचे. मुलांच्या आधी चव घ्यायची आणि मुलांच्या नंतर जेवायचे." नेमणुकीच्या आदेशात नसलेले हे पहिले कर्तव्य. ते आजही शाळेत पाळले जाते.

शाळेच्या आवारात ते आम्हांला 'सर' आणि 'तुम्ही' म्हणत. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो की आम्ही 'पोरं' होत असू आणि 'तुम्ही'चे 'तू' होत असे. या दोन संबोधनांमधील सीमा त्यांनी कधी ओलांडली नाही. वर्गातील चूक घरी काढली नाही आणि घरची सलगी शाळेत आणली नाही.

त्यांची शिकवण्याची रीत आज सांगितली तर साधी वाटेल. तास चालू असताना ते मागच्या दाराने येत आणि शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसत. टाचणवही तपासताना लाल शाई वापरत नसत. आठवड्यातून एकदा, शनिवारी शाळा सुटल्यावर, प्रत्येकाची एकच चूक सांगत. एका आठवड्याला एक. आमच्यापैकी एकास त्यांनी पहिल्या शनिवारी सांगितले, "सर, तुम्ही पुढच्या दोन बाकांनाच शिकवता." दुसऱ्यास सांगितले, "तुम्ही 'ए मुला' म्हणता. त्याला नाव आहे. आपल्या आज्या-पणज्यांना गावाने नावाने हाक मारली नाही; निदान आपण तरी मारू." त्यानंतर महिनाभरात वसतिगृहातील सव्वाशे मुलांची नावे आम्हांला तोंडपाठ झाली.

इतिहासाच्या बाबतीत ते विशेष आग्रही होते. पाठ्यपुस्तकात सनावळ्या असतात आणि त्या सनांमध्ये राबलेली माणसे मुलांच्या घरात असतात, असे ते म्हणत. दिवाळीच्या सुटीसाठी त्यांनी मुलांना स्वाध्याय दिला होता : १९७२ च्या दुष्काळात तुमच्या आजीने काय खाल्ले, कोठे काम केले, हे विचारून लिहून आणा. मुलांनी वह्या भरून आणल्या. तांबड्या मिलोच्या भाकरी, वाटपात मिळालेली सुकडी, खडी फोडून सोललेले तळहात, तलावाच्या कामावर झोळीत निजवलेली लेकरे असे सारे त्यात होते. त्या वह्या वाचताना शेवटच्या बाकावर बसलेले गुरुजी डोळे पुसत होते. मुलांना ते एवढेच म्हणाले, "विचारले म्हणून मिळाले. न विचारते तर आजीबरोबरच गेले असते."

गुरुजींचे शिक्षण नागसेनवनात, मिलिंद महाविद्यालयात झाले होते. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० मध्ये औरंगाबादेस सुरू केलेल्या या महाविद्यालयाने मराठवाड्यातील कित्येक वस्त्यांना पहिला पदवीधर दिला. गुरुजी त्यांच्या वस्तीतील असे पहिले पदवीधर. महाविद्यालयाला राजा मिलिंदाचे आणि परिसराला भदन्त नागसेनांचे नाव का दिले असावे, हा त्यांचा आवडता प्रश्न होता. यवन राजा प्रश्न विचारतो आणि भिक्खू उत्तर देतो, असा तो ग्रंथ आहे. गुरुजी म्हणत, "नागसेन थोर होतेच. पण राजाने विचारलेच नसते, तर ते कोणाशी बोलले असते? विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाला आहे आणि गुरूचे नाव झाडांना. बाबासाहेबांनी हा मान विचारणाऱ्याला दिला आहे."

तथापि गुरुजींची खरी शिकवण कोणती, असे कोणी विचारले तर आम्ही चौघेही २ फेब्रुवारीचा तास सांगू. सुभेदार रामजी सकपाळ यांचा हा स्मृतिदिन. त्या दिवशी गुरुजी सर्व वर्ग एकत्र बसवीत आणि बाबासाहेबांच्या वडिलांची कथा सांगत. रामजी लष्करी शाळेत शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर साताऱ्यास असताना पत्नी भीमाबाई गेल्या. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एका खोलीत संसार आला. त्या खोलीत भीमरावाने लवकर निजावे आणि वडिलांनी रात्री दोन वाजेपर्यंत जागून मग त्याला अभ्यासाला उठवावे, असा क्रम होता. मुलाला पुस्तक हवे झाले की रामजी लग्न झालेल्या मुलीकडे जात. तिच्याजवळ पैसे नसले तर दुसरीकडे जात, तिचा दागिना मागून घेत, गहाण ठेवीत आणि पेन्शन हाती आली की सोडवून परत देत. मुलगा १९०७ मध्ये मॅट्रिक झाला, १९१२ मध्ये बी.ए. झाला. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले आणि त्याच वर्षी मुलगा कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पुढचे काहीच त्यांना पाहायला मिळाले नाही.

येथवर आले की गुरुजी थांबत. मग मुलांकडे पाठ करून आम्हां शिक्षकांना उद्देशून बोलत, "आपल्या प्रत्येकाला बाबासाहेब व्हावेसे वाटते. वाटावेच. पण बाबासाहेब शतकातून एकदा होतात. रामजी होणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. समोर बसलेल्या या मुलांतून कोण काय होईल, हे तुम्हांला ठाऊक नाही. रामजींनाही ठाऊक नव्हते. म्हणून दोन वाजेपर्यंत जागायचे ते सगळ्यांसाठी."

त्या वर्षी आमच्या परीक्षेचे प्रसंग लवकर आले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. गणेशविसर्जनाची रात्र सरत होती. चारच्या सुमारास वसतिगृहाच्या खाटा हलू लागल्या, कौले निसटून पडू लागली. किल्लारी आणि आसपासच्या गावांत हजारो माणसे गाडली गेल्याचे वृत्त पुढे आले. त्या क्षणी आम्हांला केवळ मुलांचा आक्रोश ऐकू येत होता. गुरुजींचा मुक्काम त्या रात्री वसतिगृहात होता. त्यांनी मुले मैदानात काढली, ओळीने बसविली आणि कंदिलाच्या उजेडात हजेरी घेतली. एक मूल कमी भरले. पुन्हा घेतली. पुन्हा एक कमी. ते स्वतः आत गेले आणि पाचवीतील एका मुलाला खांद्यावर घेऊन बाहेर आले. तो खाटेखाली गाढ झोपला होता.

तिसऱ्यांदा हजेरी जुळल्यावर गुरुजी आम्हांला म्हणाले, "आता मुले तुमच्या हवाली. मी घरी जाऊन येतो." अर्ध्या तासात ते परतले ते वृद्ध आई, माई आणि दोन्ही मुलींना घेऊन. माईंच्या हातात चहाचे भगुले होते. पुढील कित्येक रात्री मराठवाडा उघड्यावर झोपला. गुरुजींचे कुटुंबही आमच्याबरोबर मैदानातच झोपले. "शाळेसाठी घर सोडले" असे कोणी त्यांच्या कौतुकाने म्हणाले, तर ते रागावत. म्हणत, "सोडले नाही, आणले. घर वाऱ्यावर सोडणारा माणूस शाळा काय सांभाळणार?"

दुसरा प्रसंग दोन महिन्यांनी आला आणि तो आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पंधरा वर्षे लोंबकळत होता. नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले आणि आमचे रक्त उसळले. आम्ही विशी-पंचविशीतले होतो. शाळा काही दिवस सोडून आंदोलनात उतरायचे, असे आम्ही चौघांनी ठरविले आणि रजेचे अर्ज गुरुजींच्या टेबलावर ठेवले. त्यांनी ते वाचले आणि एकच प्रश्न विचारला : "मुले कोणाच्या हवाली करून जाणार?"

आम्ही वाद घातला. इतिहासाचे दाखले दिले. गुरुजी एवढेच म्हणाले, "एकेकाने जा. तो आला की दुसऱ्याने जा. चौघे एकदम नाही. दिवस बरे नाहीत. या मुलांचे आईबाप गावोगावच्या वस्त्यांत जीव मुठीत धरून आहेत आणि लेकरे त्यांनी आपल्या भरवशावर ठेवली आहेत." त्यावर आमच्यापैकी एकाने, आणि उरलेल्या तिघांनी मौन राखून, गुरुजींना जे सुनावले ते येथे जसेच्या तसे लिहवत नाही. नोकरीला आणि संसाराला चिकटलेली माणसे चळवळ बुडवतात, असा त्याचा आशय होता. 'भित्रा' हा शब्दही त्यात होता.

गुरुजींनी अर्ज घडी करून खणात ठेवले आणि तासाची घंटा झाली म्हणून वर्गावर निघून गेले.

आम्ही एकेकाने गेलो, आलो. पण त्यांच्या घरी जाणे बंद केले. १४ जानेवारी १९९४ रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाल्याची बातमी आली, तेव्हा गुरुजींनी मुलांना मैदानात बोलाविले. त्रिसरण-पंचशील झाले. या नावासाठी प्राण दिलेल्या सर्वांसाठी त्यांनी मुलांना दोन मिनिटे स्तब्ध उभे केले. दोन मिनिटे सरली, मुले बसली. गुरुजी उभेच राहिले. कितीतरी वेळ. एवढे का हेलावले आहेत, हे आम्ही त्यांना विचारले नाही. संध्याकाळी माईंनी धाकटीच्या हाती निरोप धाडला : "गुरुजी जेवायला थांबलेत. तुम्ही आल्याशिवाय बसायचे नाही म्हणतात." आम्ही गेलो. त्या विषयावर कोणीच बोलले नाही. ज्वारीची भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ठेचा होता. आमचे पुन्हा 'पोरं' झाले.

त्या घराविषयी लिहायचे तर पाने पुरणार नाहीत. शाळा सुटल्यावर गुरुजी घरी भाजी निवडायला बसत. पाहुणा आला तरी हात थांबत नसत. माई लग्न होऊन आल्या तेव्हा निरक्षर होत्या. गुरुजींनी त्यांना रोज रात्री शिकविले आणि त्या सातवीची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. मोठ्या मुलीसोबत त्या अभ्यासाला बसत आणि मायलेकी एकमेकींची पाठांतरे घेत. मुलगा नाही म्हणून नातलगांनी सुस्कारे टाकले की गुरुजी म्हणत, "माझ्याकडे वसतिगृहात सव्वाशे आहेत. घरी या दोघी आहेत, ते बरे आहे." मोठी परिचारिका झाली, धाकटी प्राध्यापिका. त्यांच्या लग्नांत हुंड्याचा शब्द निघाला नाही आणि लग्ने बुद्धवंदनेने, घरच्या माणसांत, दुपारच्या जेवणावर उरकली.

शाळेला तेव्हा पूर्ण अनुदान नव्हते. पगार महिनोन् महिने होत नसे. १९९५ च्या दिवाळीस आम्ही चौघे रिकाम्या हाताने गावी जाणार होतो. सुटी लागण्याच्या आदल्या दिवशी गुरुजींनी चार पाकिटे दिली आणि "आगाऊ रक्कम आहे, पगारबिल निघाले की वळती करू" असे सांगितले. सुटीनंतर माईंच्या गळ्यात बोरमाळ दिसली नाही. आमच्यापैकी दोघांच्या ते लक्षात आले होते. आम्ही विचारले नाही. पुढच्या वर्षी ती पुन्हा गळ्यात दिसली तेव्हाही विचारले नाही. आम्हांपैकी जो हे लिहितो आहे त्याने बाहेरून एम.ए. करावे, हा हट्टही गुरुजींचाच. परीक्षेची फी त्यांनी भरली. त्या वेळी बोरमाळ कोठे होती, हे पाहायचे धैर्य झाले नाही.

नियत वयोमानानुसार गुरुजी निवृत्त झाले तरी २ फेब्रुवारीला ते दरवर्षी शाळेत येत. तीन वर्षांपूर्वी अल्पशा आजाराने त्यांचे निधन झाले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमास गावोगावचे विद्यार्थी आले होते. भाषणे झाली, आम्हीही बोललो. माणसे पांगल्यावर माईंनी आम्हां चौघांना आतल्या खोलीत नेले आणि एक पत्र्याची पेटी उघडली. पेटीची एक बाजू जळून काळी पडली होती. आत आमचे ते चार रजेचे अर्ज होते. त्यांखाली एक जुनी वही होती, कडा करपलेल्या. तीत नऊ मुलांची नावे आणि रोजची हजेरी. पहिली तारीख ऑगस्ट १९७८ मधली.

माईंनी जे सांगितले ते त्यांच्याच क्रमाने मांडतो. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटू लागल्या. त्या वेळी तरुण असलेले गुरुजी नामांतराच्या कामासाठी शहरात गेले होते. घरी कोणाला नीट सांगून निघाले नव्हते. त्यांच्या पाठीमागे वस्तीवर हल्ला झाला. माई, सासूबाई आणि दोन वर्षांची मोठी मुलगी नाल्याच्या काठी बाभळींत रात्रभर बसून होत्या. पावसात मूल रडू नये म्हणून माईंनी त्याच्या तोंडावर हात धरला होता. गुरुजी तिसऱ्या दिवशी पोहोचले. घराच्या जागी राख होती. पदवीचे प्रमाणपत्र गेले होते, ही पेटी तेवढी उरली होती.

वस्तीतील शाळकरी मुलांची दप्तरे जळाली होती आणि गावातल्या शाळेत जायला ती धजत नव्हती. गुरुजींनी नऊ मुले बरोबर घेतली, तालुक्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि पहिल्याच रात्री वहीत हजेरी घेतली. माई म्हणाल्या, "तेव्हापासून ते कुठंही निघाले की आधी विचारायचे, लेकरं कोणाच्या हवाली हायेत?"

आपल्या शाळेच्या प्रत्येक अहवालात एक वाक्य असते : 'भाड्याच्या दोन खोल्यांत नऊ विद्यार्थ्यांसह वसतिगृहाचा प्रारंभ झाला.' हे वाक्य आम्ही तीस वर्षे वाचले, प्रास्ताविकांत म्हटले, मुलांकडून पाठ करून घेतले. त्या खोल्या कोणाच्या, ती नऊ मुले कोणती आणि ती गाव सोडून का आली, हे कोणी विचारले नाही. इतिहासाची पदवी मिळविलेल्या आमच्यातील एकानेही विचारले नाही. मुलांना आजीकडे धाडणारे आम्ही गुरुजींच्या पंगतीला शेकडो वेळा बसलो, पण त्यांच्यापुढे वही उघडून बसलो नाही. ज्यांना भित्रे म्हटले, त्यांचे घर आमच्या लढ्याच्या पहिल्या आगीत जळाले होते आणि त्यांनी ते आमच्यावर कधी उगारले नाही. क्षमा मागण्यासाठी आम्हांला तीस वर्षे होती. हेच ते दुसरे कारण, ज्यामुळे लिहिण्यास हात धजत नव्हता.

माईंना आम्ही विचारले, त्यांनी आम्हांला आधीच का सांगितले नाही? त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, विचारतील तेव्हा सांगीन. मास्तरांनी आपली फुशारकी आपणहून सांगू नये."

माईंच्या अनुमतीने ती वही आता शाळेच्या ग्रंथालयात ठेवली आहे. नऊ मुलांपैकी सहा जणांचा शोध लागला असून त्यांच्याकडून त्या दिवसांच्या आठवणी लिहून घेण्याचे काम नववीच्या विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. उरलेल्या तिघांविषयी कोणास माहिती असल्यास शाळेच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे. आपल्या प्रत्येक घरात एक रामजी बसलेले आहेत. कोणी गिरणीत राबले, कोणी रेल्वेत, कोणी दुसऱ्याच्या शेतात. त्यांनी कोणता दागिना कधी गहाण ठेवला, कोणत्या रात्री कोठे लपून काढली, हे ते आपणहून सांगणार नाहीत. येत्या रविवारी त्यांच्यापाशी बसा आणि विचारा. वही सोबत असू द्या.

गुरुजी, हजेरी रोज घेतली जाते. मुले आमच्या हवाली आहेत.

आपल्या स्मृतीस विनम्र अभिवादन. जयभीम.